दोघांनी मिळून गाणे रचताना या चुका टाळा

गणेशोत्सव किंवा महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन जवळ आले की हौशी जोड्या गाणे रचायला बसतात आणि दरवर्षी त्याच जागी अडखळतात. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चाल सुचत असतानाच शब्दांची झडती घेणे. एकजण पेटीवर सूर धरून तोंडाला येतील ते शब्द गुणगुणतो आणि दुसरा ‘पण याचा अर्थ काय?’ असे विचारून त्याला गप्प करतो.

माझ्या परिचयातील एका जोडीचे असेच झाले. केरव्याच्या, म्हणजे आठ मात्रांच्या तालाच्या, ठेक्यावर एकाने ‘गरम भजी अन् चहा हवा रे’ असे सहज म्हटले. ओळ ठेक्यात चपखल बसली होती, परंतु गाणे विरहाचे असल्याने जोडीदाराने नाक मुरडले आणि भज्यांच्या जागी ‘व्याकुळ’, ‘अंतःकरण’ असले भारदस्त शब्द कोंबायला सुरुवात केली. मध्यरात्रीपर्यंत वाद चालला, चाल दोघांच्याही डोक्यातून निसटली आणि फोन समोर असूनही ती कोणी ध्वनिमुद्रित केलेली नव्हती. वास्तविक त्या थट्टेच्या ओळीने आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे आयते हाती दिले होते. लघु-गुरूंचा तोच क्रम ठेवून ‘भिजत उभा मी, दिवा विझे रे’ असे म्हणता आले असते. म्हणून मुखडा आणि निदान एका अंतऱ्याची चाल पक्की होईपर्यंत मी भजी कढईतून काढू देत नाही, म्हणजे थट्टेचे शब्द बदलू देत नाही. हा पोरखेळ वाटणाऱ्यांना गाण्याची नव्हे, कार्यक्रमपत्रिकेत नाव छापून येण्याची घाई असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक चालीवर शब्द बसवताना होते. ‘मावळतीला’ हा शब्द ‘माव’पाशी तोडून ‘ळतीला’ पुढच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाकला, तर श्रोत्याला काहीच कळत नाही. लांब सुरावर ऱ्हस्व अक्षर ओढले की ‘कळ’चा ‘काळ’ होतो आणि प्रेयसीच्या काळजात भलतेच काही उठते. मी प्रत्येक ओळ आधी पेटी बंद करून, हाताने टाळी देत नुसती बोलून पाहतो आणि बोलताना जिथे थांबत नाही, तिथे गातानाही थांबत नाही.

यमकांची यादी आधी करू नये. तशाने ओळी यमकाच्या मागे फरफटत जातात. तयार ठेका मोबाइलवर लावून त्यावर बडबडणे सोपे असते, परंतु मग सगळ्यांची गाणी एकाच लयीत आणि एकाच लांबीची होतात.

श्रेयाची गोष्ट मात्र संकोचाने पुढे ढकलू नये. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द ही साहित्यकृती आणि संगीत ही स्वतंत्र कृती मानली जाते, त्यामुळे ‘आपण दोघांनी केले’ एवढ्यावर भागत नाही. मुखडा कोणाचा, अंतऱ्याचे शब्द कोणाचे आणि चाल दोघांची की एकाची, हे त्याच बैठकीत वहीच्या त्याच पानावर तारखेसह लिहून दोघांनी खाली सही करावी.