अमेरिकेतील भाड्याचे घर विकून सामूहिक मालमत्तेत जाताना कर पुढे कसा ढकलावा

अमेरिकेत बरीच वर्षे भाड्याने दिलेले घर विकायला काढताना भांडवली नफ्याचा विचार सगळेच करतात, पण घसाऱ्याचा, म्हणजे इमारतीच्या झिजेपोटी दरवर्षी भाड्याच्या उत्पन्नातून होणाऱ्या वजावटीचा, हिशेब अनेकांच्या ध्यानात उशिरा येतो. बांधकामाची किंमत २,७५,००० डॉलर असेल, तर साडेसत्तावीस वर्षांच्या नियमाने दरवर्षी १०,००० डॉलर घसारा वजा होतो, आणि पंधरा वर्षांत साचलेल्या १,५०,००० डॉलरांवर विक्रीच्या वेळी २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३७,५०० डॉलरांपर्यंत फेडरल कर लागू शकतो. उरलेल्या नफ्यावरचा कर वेगळाच.

विक्रीची रक्कम दुसऱ्या स्थावर मालमत्तेत गुंतवून केलेल्या अदलाबदलीत हा कर आयकर संहितेच्या कलम १०३१ खाली पुढे ढकलता येतो. माफ होत नाही. आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) २००४ मधील निर्णयानुसार, त्यातील अटी पाळणाऱ्या डेलावेअर स्टॅच्युटरी ट्रस्टमधला, म्हणजे अनेक गुंतवणूकदारांच्या वतीने मालमत्ता धारण करणाऱ्या ट्रस्टमधला, हिस्सा स्थावर मालमत्ता मानला जातो. रीटचे (मालमत्तांत गुंतवणूक करणाऱ्या कंपनीचे) शेअर किंवा भागीदारीतला वाटा चालत नाही, आणि पुण्यातला फ्लॅटही नाही, कारण अमेरिकेबाहेरची मालमत्ता या अदलाबदलीत बसत नाही.

सर्वांत आधी, व्यवहार पूर्ण होण्यापूर्वीच, क्वालिफाइड इंटरमीडिएरी, म्हणजे विक्रीची रक्कम आपल्या वतीने सांभाळणारा त्रयस्थ मध्यस्थ, नेमावा. गेल्या दोन वर्षांत आपले काम केलेला वकील, अकाउंटंट किंवा एजंट ही जबाबदारी घेऊ शकत नाही. विक्रीची रक्कम एकदा आपल्या खात्यात आली की सवलत हातची गेलीच, म्हणून ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो.

घर हस्तांतरित झाल्यापासून ४५ दिवसांत नव्या मालमत्तेची निवड सही करून लेखी कळवावी; साधारणपणे तीनपर्यंत पर्याय देता येतात. खरेदी १८० दिवसांत किंवा विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, जे आधी येईल तोवर, पूर्ण करावी लागते. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात घर विकणाऱ्याने खरेदी बाकी असल्यास एप्रिलमध्ये विवरणपत्रासाठी मुदतवाढ अवश्य घ्यावी.

पुढचा प्रश्न कर्जाचा. खर्च बाजूला ठेवून, घर ६ लाख डॉलरांना विकून २ लाखांचे कर्ज फेडले असेल, तर केवळ हाती उरलेले ४ लाख गुंतवून भागत नाही. उरलेल्या २ लाखांइतके कर्ज ट्रस्टमधील हिश्शावर असावे किंवा तेवढी रोकड स्वतः घालावी, अन्यथा त्या फरकावर कर बसतो.

असे हिस्से बहुधा अ‍ॅक्रेडिटेड गुंतवणूकदारांनाच मिळतात: राहते घर सोडून १० लाख डॉलरांहून अधिक मालमत्ता, किंवा ठरावीक उत्पन्न. सही करण्यापूर्वी माहितीपत्रकातील शुल्क आणि कर्जाची मुदत बारकाईने वाचावी, कारण ट्रस्टला नवे भांडवल उभारता येत नाही, निर्णयांत आपला शब्द चालत नाही आणि हिस्सा मध्येच विकणे अवघड असते. घर विकले त्या वर्षीच्या विवरणपत्रासोबत या अदलाबदलीची माहिती देणारा फॉर्म ८८२४ जोडावा.