ऱ्होडोक्रोसाइट खरा कसा ओळखायचा आणि किंमत कशावरून ठरते

गुलाबी-लाल दगड दिसला की लोक लगेच ऱ्होडोक्रोसाइट म्हणून मोकळे होतात, पण त्याच रंगाचा ऱ्होडोनाइट पण मिळतो आणि फसायला होतं ते तिथेच. सगळ्यात सोपा फरक कडकपणाचा. ऱ्होडोक्रोसाइट मोह्स स्केलवर (खनिजांचा कडकपणा 1 ते 10 मध्ये मोजायचं माप) 3.5 ते 4, म्हणजे चाकूच्या टोकाने सहज ओरखडा पडतो, ऱ्होडोनाइट 5.5 ते 6.5 असल्याने चाकूला दाद देत नाही. ओरखडा मागच्या बाजूला, कोपऱ्यात काढा, समोरच्या स्फटिकावर अजिबात नको!

ऱ्होडोनाइटमध्ये बहुतेक वेळा काळ्या शिरा असतात, ऱ्होडोक्रोसाइटमध्ये गुलाबी-पांढरे पट्टे, खास करून अर्जेंटिनातल्या कापीयितास खाणीच्या मालात, आडवा काप घेतला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. गुलाबी कॅल्साइटचा (तसंच दिसणारं दुसरं खनिज) संशय असेल तर हातात घेऊन बघा, ऱ्होडोक्रोसाइटची घनता 3.7 च्या आसपास आणि कॅल्साइटची 2.7, वजन लगेच जाणवतं. ॲसिड टेस्ट मात्र चांगल्या पीसवर करू नका, कार्बोनेट आहे, म्हणजे ॲसिड त्याला खातं आणि चकाकी कायमची जाते.

किंमतीत पहिला मान रंगाला, गडद चेरी लाल आणि आरपार दिसणारा स्फटिक असेल तर भाव कुठल्या कुठे जातो. मग लूपने (जवाहिऱ्याच्या छोट्या भिंगाने) कडा तपासा, तीन दिशांना सहज फुटणारा दगड आहे त्यामुळे टवके हमखास असतात, आणि चिकटवलेला जोड पण शोधा. खाणीचं जुनं लेबल असेल तर जपून ठेवा, कोलोरॅडोच्या स्वीट होम माइनचं नाव असलं की संग्राहक जास्त मोजतात.