थ्रॉटल सेन्सर खरंच गेलाय का? बदलायच्या आधी एवढं तपासा

सिग्नलला उभं असताना आरपीएम आपोआप वर-खाली, हलक्या पायाने चालवताना मध्येच झटके, ओव्हरटेकला रेस दिली की क्षणभर ढिम्म आणि मग एकदम सुटते... गाडी असं करायला लागली की गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "साहेब, थ्रॉटल सेन्सर गेला." म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप (थ्रॉटल) किती उघडलीय ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर. असेलही गेला. पण मी याच वाक्यावर नवा सेन्सर टाकून बसलोय आणि दोन दिवसांत झटके परत सुरू, कारण कपलरमधली (सेन्सरला वायरी जोडणाऱ्या प्लगमधली) एक पिन पावसाचं पाणी जाऊन हिरवी पडली होती. तेव्हापासून आधी मीटर (व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर), मग पाकीट.

आत फार काही नसतं, जुन्या रेडिओचा आवाज वाढवायचं बटण असायचं ना, साधारण तसंच. केबलवाल्या (पेडलची तार थ्रॉटल ओढते अशा) गाड्यांत बहुतेक वेळा तीन वायरी असतात, एक ५ व्होल्टची, एक अर्थिंगची (अर्थ), एक सिग्नल. थ्रॉटल बंद असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडला की साडेचारच्या आसपास, नेमका आकडा आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड दाखवणारं यंत्र) असेल तर आधी कोड वाचा. पी ०१२१ म्हणजे सिग्नल बाकीच्या आकड्यांशी जुळत नाही, पी ०१२२ म्हणजे व्होल्टेज फार कमी, पी ०१२३ म्हणजे फार जास्त. आणि हे लक्षात घ्या की कोड सर्किटबद्दल बोलतो, सेन्सर मेला असं म्हणत नाही, तुटलेली वायरसुद्धा तोच कोड देते. पाय काढलेला असताना स्कॅनरवर थ्रॉटल शून्याऐवजी १२-१५ टक्के दिसला तर घाबरू नका, कित्येक गाड्यांत ते नॉर्मल असतं.

आता कपलर काढा. हिरवट थर, वाकडी पिन, तेल, पाणी, जे असेल ते कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. मग कपलर काढलेलाच ठेवून चावी ऑन, इंजिन बंद, आणि ५ व्होल्ट येतात का ते मोजा. येत नसतील तर सेन्सरला शिव्या देऊ नका, वायर तुटली असेल किंवा त्याच ५ व्होल्टच्या लाइनवरचा दुसरा एखादा सेन्सर शॉर्ट होऊन सगळ्यांनाच खाली ओढत असेल, ते एकेक काढून बघावे लागतात. अर्थची वायरही तपासा.

खरी टेस्ट इथून पुढे. चावी बंद करून कपलर परत लावा, सिग्नलच्या वायरीला मागच्या बाजूने बारीक टाचणी घाला (वायरीचं कव्हर भोसकू नका, पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो), मीटरची लाल वायर टाचणीला आणि काळी अर्थला लावा, चावी ऑन करा आणि थ्रॉटल हळू, अगदी हळू उघडत न्या. आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच पडला, उडी मारली, शून्य झाला तर आतला ट्रॅक झिजलाय, आणि तो जास्त करून सुरुवातीच्या भागात झिजतो कारण आपला पाय दिवसभर तिथेच असतो. घाई केली तर ही जागा सापडतच नाही, डिजिटल मीटर तेवढ्यात पुढे निघून जातो. काट्याचा जुना मीटर घरात पडला असेल तर तोच वापरा, काटा कसा थरथरतो ते लगेच दिसतं. आकडे सरळ येत असतील तर सेन्सरवर बोटाने हलकं टकटक करा, वायरी हलवून आकडा उडतोय का बघा.

पेडलला केबलच नाही अशी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची गाडी असेल तर चावी ऑन असताना आत बोट अजिबात घालू नका, मोटर झडप जोरात मिटते. कोणाला तरी पेडल हळूहळू दाबायला सांगा. यात दोन सिग्नल असतात, बऱ्याच गाड्यांत एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो, दोघांचा मेळ बसला नाही की पी २१३५ येतो आणि गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे ताकद कमी करून जेमतेम चालते. यात बहुतेक वेळा सेन्सर सुटा मिळत नाही, अख्खी थ्रॉटल बॉडी (झडप आणि सेन्सर बसवलेला पूर्ण भाग) घ्यावी लागते, म्हणून खात्री झाल्याशिवाय हो म्हणू नका.

मीटरवर सगळं ठीक आणि तरी आयडलिंग हलतंय? मग थ्रॉटल बॉडीत साचलेला काजळीचा थर आणि फाटलेले व्हॅक्यूम पाइप बघा.

सेन्सर बदललाच तर कोड पुसून आयडल रीलर्न (कॉम्प्युटरला आयडलिंग नव्याने शिकवणं) करून घ्या, नाहीतर नव्या सेन्सरवरही आरपीएम नाचत राहील आणि तुम्ही पार्टवाल्याशी भांडत बसाल.