परदेशी मोफत वाहिन्यांसाठी छत्री लावण्याआधी

छत्री (डिश अँटेना) लावून परदेशी मोफत उपग्रह वाहिन्या बघायच्या असतील, तर कामांची ही यादी. त्यात रिसीव्हर, म्हणजे सिग्नल वाचून टीव्हीला देणारा खोका, सगळ्यात शेवटी घ्यायचा. यादीची सुरुवात इथून करतोय, कारण बहुतेकांचं गाडं इथेच उलटं चालतं: आधी खोका येतो, मग त्याच्याबरोबर मिळालेली छत्री, आणि दोन्ही भिंतीला लागल्यावर प्रश्न पडतो की आता यावर दिसतं काय. माझंही असंच झालं होतं. हौसेने आणलेला खोका एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवण्याची जुनी पद्धत) पर्यंतच वाचणारा निघाला आणि मला हवी होती ती वाहिनी एचईव्हीसीमध्ये (त्याहून नवी पद्धत) गेलेली. बिचारा खोका कित्येक महिने घड्याळाचं काम करत होता.

तेव्हा आधी कागद घ्या आणि हव्या असलेल्या वाहिन्या लिहा. लिंगसॅटसारख्या उपग्रहसूचीत प्रत्येक वाहिनीसमोर उपग्रहाची जागा अंशांत दिलेली असते, शिवाय फ्रिक्वेन्सी, पोलरायझेशन (लहरींची उभी, आडवी किंवा गोलाकार दिशा), सिम्बॉल रेट (सिग्नलचा वेग), प्रक्षेपणाचा प्रकार आणि बीमचं (सिग्नलच्या झोताचं) नाव. हे सगळं उतरवून घ्या, पुढची प्रत्येक खरेदी या ओळीवरून ठरणार आहे. एनएचके वर्ल्ड, फ्रान्स २४, डॉइचे वेले, अल जझीरा अशा वाहिन्या एकाहून अधिक उपग्रहांवर असतात. त्यातला तुमच्याकडे जोरात येणारा उपग्रह निवडायचा. ‘मोफत’ या शब्दाकडेही नीट बघा. काही वाहिन्यांना मासिक पैसे लागत नाहीत, पण कार्ड लागतं, आणि ते कार्ड त्या देशातल्या रहिवाशांनाच मिळतं. आपल्या यादीत फक्त कोणतंही कुलूप नसलेल्या वाहिन्या धरायच्या.

आता बीम. या मुद्द्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण निराशा बहुतेक वेळा इथूनच येते. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तिथून जवळजवळ अर्धी पृथ्वी दिसते हे खरं, पण सिग्नल हवा तेवढ्याच भागावर टाकता येतो. बीबीसीचं उदाहरण घ्या. २००३ साली त्यांनी उपग्रहावरच्या आपल्या वाहिन्यांचं कुलूप काढलं, पण ते काढताना ब्रिटनपुरता आखलेला अरुंद बीम निवडला. कुलूप नाही, तरी दूरच्या माणसाच्या छत्रीत काही पडत नाही. म्हणून उपग्रह सापडला की त्याचा फूटप्रिंट नकाशा (सिग्नल कुठे किती जोरात पडतो ते दाखवणारा) उघडा आणि आपल्या जागेवरचा आकडा बघा. तो डीबीडब्ल्यूमध्ये (डेसिबल-वॉट, सिग्नलची ताकद मोजण्याचं एकक) असतो. ३ ने कमी म्हणजे ताकद निम्मी. ६ ने कमी असेल तर ती भरून काढायला छत्रीचा व्यास दुप्पट लागतो: ९० सेंटिमीटरच्या जागी १८० सेंटिमीटर. नकाशाच्या कडेवर राहणाऱ्याने आशा ठेवावी, पण मोठी छत्री घेऊन.

नकाशा अनुकूल असेल तर गच्चीवर जा. फोनमधलं एखादं ॲप उपग्रहाची दिशा आणि उंची दाखवतं. तेवढ्या रेषेत झाड, टाकी, शेजारची इमारत काही येता कामा नये. झाड आज लहान आहे ना, हेही विचारात घ्या. उपग्रह क्षितिजापासून दहा अंशांच्या आत असेल तर मी सहसा नाद सोडतो. छत्री आधीच लागलेली असेल तर वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आसपास काही दिवस, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागून जातो. त्या काही मिनिटांत चित्र फुटतं, ते बिघडलं म्हणून खोलत बसू नका. उलट मध्यभागी एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडून तारेत देणारा भाग) असलेल्या छत्रीत त्याच वेळी एलएनबीची सावली बरोबर मधोमध पडली तर छत्री सरळ बसली आहे.

छत्री किती मोठी, हे बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर, ठरतं. केयू बँड म्हणजे १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झ, तरंगलांबी सुमारे अडीच सेंटिमीटर. जोरदार बीमखाली ६० ते ९० सेंटिमीटरची पत्र्याची छत्री पुरते, पण मुसळधार पावसात चित्र जातं. सी बँड ३.४ ते ४.२ गिगाहर्ट्झमध्ये, तरंगलांबी साडेसात सेंटिमीटरच्या आसपास. पावसाला तो फारसा भीक घालत नाही आणि त्याचे बीमही खंडभर पसरलेले असतात, म्हणून दूरच्या देशांच्या वाहिन्या शोधणाऱ्याला तोच जवळचा. बदल्यात छत्री मोठी लागते, १.८ ते २.४ मीटर. जाळीची चालते, वाराही कमी धरते. लहान छत्रीवर सी बँड ‘लागतो’ असं सांगणारे भेटतील. लागतोही, पण लहान छत्रीची नजर पसरट असते. १.८ मीटरच्या छत्रीलाही सी बँडमध्ये जवळजवळ तीन अंश रुंद आकाश एकदम दिसतं, आणि शेजारचा उपग्रह दोन-तीन अंशांवरच असेल तर दोघांचा कालवा होतो. जागा परवडत असेल तर छत्रीत हात आखडू नका. रिसीव्हर बदलता येतो, छत्री पुन्हा उतरवायला चार माणसं लागतात.

एलएनबी घेताना वेष्टनावरचा ०.१ डीबीचा (तो स्वतः किती गोंगाट घालतो त्याचा) आकडा वाचून हसा आणि पुढे जा. काम पडतं ते लोकल ऑसिलेटरशी, म्हणजे सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर उतरवायला एलएनबी वापरतो त्या आकड्याशी. सी बँडसाठी ५१५० मेगाहर्ट्झ, केयूच्या युनिव्हर्सल एलएनबीसाठी ९७५० आणि १०६००. हेच आकडे रिसीव्हरच्या मेनूत भरावे लागतात, चुकले तर एकही वाहिनी सापडत नाही. कमी सिम्बॉल रेटच्या वाहिन्या यादीत असतील तर पीएलएल प्रकारचा घ्या, त्याची फ्रिक्वेन्सी उन्हात सरकत नाही. सी बँडमध्ये गोलाकार पोलरायझेशनचे उपग्रह असतील तर फीडहॉर्नमध्ये (एलएनबीच्या तोंडाशी असलेल्या नळीत) टेफ्लॉनची पट्टी बसवावी लागते. न बसवल्यास सुमारे ३ डीबी वाया. आणि जवळ ५जीचा मनोरा असेल तर ३.३ ते ३.८ गिगाहर्ट्झच्या दरम्यानचा त्याचा गोंगाट सी बँडचा एलएनबी बुडवून टाकू शकतो. त्यासाठी वेगळा फिल्टर मिळतो. तो घेताना कापला जाणारा पट्टा आपल्या वाहिन्यांच्या फ्रिक्वेन्सीवर येत नाही ना, हे कागदावरच्या यादीशी पडताळून घ्या.

दोन-तीन उपग्रह हवे असतील तर डायसेक स्विच (एका तारेवर अनेक एलएनबी जोडणारा). १.० चा चार एलएनबी जोडतो, १.१ चा सोळा. मोटारवर फिरणारी छत्री हवी असेल तर केयूच्या मीटरभराच्या छत्रीला यूसाल्स (रिसीव्हरने उपग्रहाची दिशा काढून छत्री वळवण्याची पद्धत) समजणारी लहान मोटार बरी. सी बँडच्या मोठ्या जाळीला ३६ व्होल्टचा ॲक्च्युएटर (दांड्याने ढकलणारी मोटार) आणि त्याचा स्वतंत्र पोझिशनर (ती चालवणारा खोका) लागतो. पहिल्याच वर्षी मोटारीच्या नादी लागू नका.

केबल आरजी-६, ७५ ओहम. एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा स्क्रूचा जोड) बाहेर असेल तिथे सीलिंग टेप गुंडाळा, आणि कनेक्टर लावताना-काढताना रिसीव्हरची वीज बंद. त्या तारेतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात. केबलमधल्या जाळीदार धातूच्या वेणीचा एक केस मधल्या तारेला लागला की शॉर्ट.

आता रिसीव्हर. डीव्हीबी-एस२ (उपग्रह प्रक्षेपणाचा प्रकार) किमान, त्याची पुढची आवृत्ती एस२एक्स असेल तर चांगलं, एचईव्हीसी हवंच. जर्मनीच्या एआरडी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये उपग्रहावरचं एसडी (साध्या दर्जाचं) प्रक्षेपण बंद केलं आणि केवळ जुनं वाचणारे तिथले खोके तिच्या वाहिन्यांसाठी एका रात्रीत निरुपयोगी झाले, हे ताजं उदाहरण आहे. याशिवाय ब्लाइंड स्कॅन असावा: फ्रिक्वेन्सी न देता तो उपग्रह पूर्ण चाळतो, आणि सूचीत अजून न चढलेल्या वाहिन्याही पकडतो. ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरच्या एकेका प्रक्षेपकाची फ्रिक्वेन्सी वगैरे) हाताने भरता येतो का हे विचारा. हजारो वाहिन्या साठवता येण्याची जाहिरात कानाआड करा.

छत्री फिरवताना स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतात. ‘ताकद’ वर विश्वास ठेवू नका, एलएनबी चालू असला की ती भरतेच, ‘गुणवत्ता’ बघा. केसभर हलवायचं, दोन सेकंद थांबायचं, पुन्हा हलवायचं. मग एलएनबी स्वतःभोवती थोडा वळवून बघा, उभ्या-आडव्या पोलरायझेशनसाठी तेवढ्यानेही आकडा वाढतो. सर्वांत जास्त गुणवत्ता मिळाली की नट आळीपाळीने थोडेथोडे आवळा. एकच नट पूर्ण आवळला तर छत्री सरकते. शेवटी कायम मार्करने खांबावर आणि कमानीवर खुणा करा, आणि गुणवत्तेचा आकडा तारखेसकट त्याच कागदावर लिहून ठेवा.