आपल्याच गावात रमायचे असेल तर

गोव्यातील डिचोली, साखळी, माशेल, केपे किंवा पेडणे अशा लहान ठिकाणी जन्मून तिथेच नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाला कधी ना कधी 'अजून इथेच का?' हा प्रश्न ऐकावा लागतो. विचारणारा चतुर्थीला मुंबईहून आलेला चुलतभाऊ असेल, पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडला गेलेला शाळासोबती असेल किंवा जहाजावरून सुट्टीवर आलेला शेजारी असेल. त्याच्या मनात काही वाकडे नसते, पण ऐकणाऱ्याच्या मनात तो प्रश्न बरेच दिवस घर करून राहतो. त्याला शब्दांनी उत्तर देण्याच्या भरीस पडू नये. आपल्यावाचून अडेल असे एखादे काम गावात आपल्याकडे असेल, तर त्या प्रश्नाची धार हळूहळू कमी होते. ते नसेल, तर भोवती कितीही कुळागरे (पोफळी-नारळीच्या बागा) आणि नद्या असल्या तरी जीव रमत नाही. म्हणून समाधानाची सुरुवात दरवर्षी पार पाडावी लागेल अशी एखादी जबाबदारी अंगावर घेण्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

ही जबाबदारी निवडण्यासाठी गावाचे वर्ष नीट पाहावे. आषाढी एकादशी, श्रावणातील भजनी सप्ताह, चतुर्थी, दसरा, कार्तिकापासून सुरू होणाऱ्या जत्रा, पौषातील धालो (बायकांची गाणी-नाच), फाल्गुनातील शिगमो (होळीचा उत्सव) असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो आणि प्रत्येकात न दिसणारी पुष्कळ कामे असतात. माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरासमोर आषाढातल्या द्वादशीला चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळला जाणारा उत्सव, होतो, तो पाहायला गर्दी लोटते. पण त्याआधी चोवीस तास अखंड भजन झालेले असते. भजन अखंड चालायचे तर पहाटे तीन वाजताही कोणीतरी टाळ हातात घेऊन बसलेले लागते. नव्याने सामील होणाऱ्याने नेमकी तीच वेळ मागून घ्यावी. ती कोणाला नको असते, त्यामुळे ती मिळते, आणि एकदा चोख निभावली की पुढच्या वर्षी आपल्याला बोलावणे येते.

भजनापेक्षा नाटकात जीव रमणाऱ्यांसाठी गोव्याच्या गावांनी मोठी सोय करून ठेवलेली आहे. जत्रेला किंवा कालोत्सवाला देवळाजवळच्या रंगमंचावर मराठी नाटक व्हायचे, आणि त्यात गावचाच शिक्षक, बँकेतला कारकून, कदंब या सरकारी बसचा कंडक्टर आणि दुकानदार उभे राहायचे, ही परंपरा अनेक गावांनी जपली आहे. तिच्यात शिरण्याची रीत मात्र समजून घ्यावी. पहिल्याच वर्षी भूमिका मागू नये, प्रॉम्प्टिंग मागावे. संहिता आधी घरी पूर्ण वाचावी, कोणता नट कोणत्या वाक्यावर श्वास घेतो आणि कोणत्या वाक्यावर हमखास अडतो ते तालमीत वहीत टिपून ठेवावे, आणि शब्द द्यायचा तो त्याला ऐकू जाईल पण पहिल्या रांगेला जाणार नाही अशा आवाजात द्यावा. तालमी रात्री होतात, कारण पणजीला कामाला गेलेली माणसे परतून जेवल्याशिवाय त्या सुरू होऊच शकत नाहीत. हे सारे महिनाभर केले की एक विलक्षण गोष्ट घडते: ज्या घराशी आपल्या घराचा माडांच्या हद्दीवरून तंटा आहे, त्या घरातला माणूस रंगमंचावर आपला थोरला भाऊ होऊन उभा राहतो आणि त्याचे वाक्य अडले तर आपल्या पोटात गोळा येतो. एवढ्याने तंटा मिटत नाही, परंतु त्या माणसाकडे पाहण्याची आपली नजर बदलते. ज्या गावात आयुष्य काढायचे, तिथे ही बदललेली नजर फार उपयोगी पडते. नाटक बरे झाले तर त्यातला एखादा प्रवेश लोक पुढे कित्येक वर्षे दुकानाच्या फळीवर बसून आठवत राहतात, आणि त्यात आपला वाटा होता हे आपल्याला ठाऊक असते.

दुसरी सवय बाजाराची लावावी. म्हापशाचा शुक्रवार किंवा डिचोलीचा बुधवार यांपैकी जो जवळचा असेल तो बाजार धरावा आणि शक्यतो ठरावीक बायांकडूनच घ्यावे. पावसाळ्याच्या सुरुवातीला तायकिळा (टाकळा), पुढे फागलां (करटोली) आणि अळमी (रानातली अळंबी), मे महिन्यात पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची, सोले (आमसुले), मीठ, चिंच आणि सुके मासे, असे वर्ष जिभेवरून ओळखता येऊ लागले की दिवस एकसारखे वाटेनासे होतात. चतुर्थीच्या आधी भरणाऱ्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-पानांच्या, बाजारात मुलांना आवर्जून न्यावे. आंबाडे, कवंडाळ, तोरिंगा, घागऱ्या, सुपारीचे घोस यांची नावे विकणाऱ्या बाईलाच विचारावीत आणि त्यातले कोणते फळ कोणत्या डोंगरावरून आणले तेही विचारावे. सगळी माटोळी विकत न घेता निदान दोन-तीन वस्तू रानात जाऊन स्वतः आणल्या, तर उत्तमच.

लहान गावात राहिल्याने आपण मोठ्या गोष्टींना मुकतो, ही समजूतही तपासून पाहावी. गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय, १९८५ मध्ये सुरू झालेले विद्यापीठ, १८३२ सालापासून चालत आलेले पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय किंवा कला अकादमी, यांतले काहीही बहुतेक गावांतून सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येणार नाही इतके दूर नाही. महिन्यातला एक दिवस यासाठी ठरवून टाकावा, म्हणजे गावात राहणे म्हणजे अडकून पडणे असे वाटत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. पोटाचा प्रश्न सुटलेला नसताना कोणी समाधानाचा उपदेश करत असेल, तर तो ऐकू नये. २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली, सत्तरी आणि सांगे या भागांत ट्रकांचे हप्ते थकलेली कुटुंबे होती. त्यांना गावाची माया शिकवण्याची गरज नव्हती, उत्पन्नाची गरज होती. कामासाठी काही वर्षे बाहेर जावे लागले तर खुशाल जावे, फक्त वर्षातली एक जबाबदारी आपल्या नावावर ठेवून जावे. त्याचप्रमाणे समाधानी असणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. शेतात भराव पडत असेल, ओहोळ बुजवला जात असेल, तर पंचायत क्षेत्रात ग्रामसभेत आणि शहरात नगरपालिकेकडे तक्रार लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी आणि पुढच्या सभेत तिचे काय झाले ते विचारावे. लहान गावात नाराजी ओढवण्याची भीती असते हे खरे. म्हणून एकट्याने बोलण्याऐवजी वाड्यावरच्या चार घरांच्या सह्या घेऊन बोलावे.

चहाड्या आणि चौकशा यांचा त्रास राहणारच. त्यांना एकदाच मोजके उत्तर द्यावे आणि विषय सोडावा.

शेवटचे काम अधिक शांतपणे करण्याचे आहे. साळावली धरणामुळे गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी गाव पाण्याखाली गेले. मे महिन्यात पाणी ओसरले की गावाच्या खुणा वर येतात, आणि तिथून उठून गेलेली कुटुंबे सोमेश्वराच्या मंदिरापाशी पुन्हा जमतात. आपला सोपा, आपली तळी कोठे होती हे त्यांना अजून दाखवता येते, कारण ते त्यांनी एकमेकांना सांगत ठेवले आहे. आपले गाव पाण्याखाली गेलेले नसले तरी त्याच्या शेतांची, पाणवठ्यांची, बांधांची आणि पाणंदींची नावे विसरली जात आहेतच. पावसाळ्यातल्या रिकाम्या दुपारी घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजीला अथवा काकांना सोबत घेऊन कागदावर वाड्याचा साधा नकाशा काढावा. शेताचे नाव, ते कोण कसत असे, तिथे कोणते भात होत असे, विहीर कोणाच्या वेळी बांधली, एवढे चार प्रश्न सुरुवातीला पुरेत. सांगणाऱ्याचे शब्द तो कोंकणीत बोलला तर कोंकणीतच उतरवावेत, त्यांचे मराठी करण्याची घाई करू नये. दोघांनी सांगितलेल्या गोष्टींत फरक पडला, तर दोन्ही लिहून ठेवाव्यात. नकाशा पुरा झाला की त्याची एक प्रत देवस्थानाच्या समितीला आणि एक गावच्या वाचनालयाला द्यावी, आणि त्यावर आपला दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा, म्हणजे ज्यांना दुरुस्ती सुचवायची असेल ते थेट आपल्यापर्यंत येतील.