मुलांना राष्ट्रीय कलादालन दाखवायचं तर

पहिल्या वर्षी मी चाळीस मुलं नेली आणि दीड तासात सगळं उरकलं. परतताना कुणालाच एकाही चित्राचं नाव सांगता येईना. जिना मात्र सगळ्यांच्या लक्षात होता! शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईला हे झोंबणारच. आता इंटरमिजिएटची बाराच मुलं नेते.

मुंबईचं राष्ट्रीय आधुनिक कला दालन, म्हणजे एनजीएमए, सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये आहे. १९११ सालची ही सभागृहाची इमारत; १९९६ मध्ये तिथे दालन सुरू झालं. सोमवारी बंद असतं. निघण्याआधी सध्या काय लागलंय ते विचारून घ्या, कारण इथे बहुतेक वेळा बदलती प्रदर्शनं असतात. पाठ्यपुस्तकातलं चित्र भिंतीवर सापडेलच असं नाही. अमृता शेरगिलचं ‘तीन मुली’ (१९३५) हे चित्र दिल्लीच्या संग्रहात आहे. एनजीएमएची सुरुवातच तिथे, जयपूर हाउसमध्ये, १९५४ साली झाली.

त्या चित्राची छापील प्रत मी आदल्या दिवशी वर्गात लावते. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्याला मिळालं, हे सांगते. शिवाय ज्या नऊ कलावंतांची कामं कायद्याने ‘कलानिधी’ ठरली आहेत आणि विकायला देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यांत शेरगिल आहे. एकाने विचारलं, “मग बाई, दिल्लीतलं ते चित्र कुणाचं?” म्हटलं, “तुझंही. सांभाळायचा खर्चही तुझाच.”

आत गेल्यावर सगळं बघायचं नाही. प्रत्येकाने एकच चित्र निवडायचं आणि त्यासमोर वीस मिनिटं थांबायचं. आधी लांबून, मग जवळून (हात मागे बांधून), मग पुन्हा लांबून. बाजूची पाटी सगळ्यात शेवटी: नाव, साल, माध्यम, मापं. पाटी आधी वाचली की मुलं चित्राकडे बघतच नाहीत. मोठ्यांचंही तेच होतं. वहीत रेखाटायचं ते पेन्सिलीनेच. शाईचा एक शिंतोडा उडाला तर काय, ते वेगळं सांगायला नको. काही खोल्यांत अंधार का, असं मुलं हमखास विचारतात. जलरंग आणि कागद उजेडाने फिके पडतात, म्हणून तिथे साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश ठेवतात.

नंतर चालत जहांगीर आर्ट गॅलरीत जा. तिथे चित्रकार दालन भाड्याने घेतो, पुष्कळदा स्वतःच बसलेला असतो. मुलं त्याला थेट विचारतात, “केवढ्याला?” एनजीएमएच्या संग्रहातल्या चित्राबद्दल हा प्रश्न उद्भवत नाही, ते विकायचं नसतंच. हा फरक मी फळ्यावर तीनदा समजावला होता, तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात वह्या मिटायला लावते आणि निवडलेलं चित्र आठवून काढायला सांगते. बहुतेकांचे रंग चुकतात. पण कोण कुठे बसलंय, हात कुठे आहे, हे बरोबर येतं.