पिचरचा करार कसा वाचावा

2025 च्या 1 नोव्हेंबरला बेळगावात काळ्या दिनाच्या फेरीची तयारी चालली होती, आणि त्याच पहाटे आपल्या वेळेने साडेपाचच्या सुमारास टोरोंटोत डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, योशिनोबु यामामोटो वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम लढतीच्या, सहाव्या सामन्यात चेंडू टाकायला उभा राहिला. त्या दिवशी त्याने 96 चेंडू टाकले आणि दुसऱ्या दिवशी, विश्रांतीविना, सातव्या सामन्याचा शेवटही त्यानेच केला. टिळकवाडीतल्या माझ्या भाच्याने तेव्हा विचारले, "मामा, याला 32 कोटी 50 लाख डॉलर दिले ते योग्यच ना?" उत्तर काढण्याची रीत अशी.

वहीत पिचरचे एक पान आखावे आणि मोठ्या सामन्यांचा हिशेब नेहमीच्या हंगामापासून वेगळा ठेवावा. दिलेल्या अर्न्ड धावांना (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून) 9 ने गुणून टाकलेल्या इनिंगनी भागले की ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, निघतो. मॅडिसन बमगार्नरने 2014 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये 21 इनिंगमध्ये एकच धाव दिली, म्हणून त्याचा ईआरए 0.43 येतो. येथे एक चूक हमखास होते: तक्त्यात 36.1 लिहिलेले असले, तर ते 36 पूर्णांक एक तृतीयांश असते, कारण एका इनिंगमध्ये तीन गडी बाद होतात आणि बिंदूनंतरचा आकडा बाद झालेले गडी दाखवतो.

ईआरए कितीही देखणा असला, तरी त्याच्या शेजारी इनिंगचा आकडा लिहिल्याशिवाय मत बनवू नये. एकवीस इनिंग म्हणजे पिचरच्या एका हंगामाचा लहानसा तुकडा असतो. याउलट क्लेटन कर्शॉसारखा पिचर हंगामात वर्षानुवर्षे उत्कृष्ट राहूनही ऑक्टोबरातल्या मोठ्या सामन्यांत बऱ्याचदा मार खात असे, म्हणून त्याच्या हंगामाची किंमत कमी धरणे मला अन्यायाचे वाटते.

त्यानंतर करार पाहावा. आनंदवाडीच्या मैदानात कुस्ती निकाली झाली की इनाम तिथेच हातात पडते. करार मात्र ऊसतोडीच्या उचलीसारखा असतो, रक्कम आधी ठरते आणि काम पुढच्या हंगामांत व्हायचे असते. अमेरिकेतले हे करार बहुतांशी हमीचे असल्यामुळे हात दुखावला तरी पैसे द्यावेच लागतात. स्टीफन स्ट्रासबर्ग 2019 मध्ये वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच डिसेंबरात, वयाच्या 31 व्या वर्षी, त्याने सात वर्षांचा 24 कोटी 50 लाख डॉलरचा करार केला. पुढे दुखापतींमुळे तो केवळ आठ सामने टाकू शकला. 2010 मध्येच त्याच्या कोपरावर मोठी शस्त्रक्रिया झाली होती. म्हणून सहीच्या दिवशीचे वय आणि जुन्या शस्त्रक्रिया पानाच्या अगदी वरच्या ओळीत लिहाव्यात.

बमगार्नरचे पान तर उलट दिशेने वाचावे लागते. 2014 चा त्याचा सर्वांत गाजलेला ऑक्टोबर महिना 2012 मध्ये केलेल्या स्वस्त करारात झाला, आणि 8 कोटी 50 लाख डॉलरचा पाच वर्षांचा करार 2019 च्या अखेरीस, मधल्या दुखापतींनंतर मिळाला. 2023 च्या एप्रिलमध्ये हा करार देणाऱ्या ॲरिझोना संघाने त्याला बाहेर केले.

शेवटी रक्कम कधी मिळणार तेही पाहावे. डॉजर्सच्याच शोहेई ओतानीच्या कराराच्या 70 कोटींपैकी 68 कोटी डॉलर करार संपल्यानंतर मिळणार आहेत, त्यामुळे मथळ्यातला आकडा वर्षांनी भागून गप्प बसू नये.

यामामोटोने सही केली तेव्हा तो 25 वर्षांचा होता आणि त्याचा करार 12 वर्षांचा आहे. भाच्याच्या वहीत आम्ही त्याच्या नावाखाली 2035 पर्यंतच्या ओळी आखल्या. 2025 अखेर त्यांतल्या दोनच भरल्या आहेत.